मनगट ५४, घड्याळ ५६

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यातही २० अंश तापमान असलेली एकच खोली आहे, ती क्वालिटीची. ही चैन माणसांसाठी नाही. मोजमापासाठी जगाने २० अंश हे तापमान ठरवून टाकलंय, म्हणून एसी आहे तो जॉबला आणि गेजांना. आम्ही इन्स्पेक्टर लोक त्यांच्या पुण्याईवर गार होतो. स्टीलचा एक मीटरचा रॉड एका अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असल्या वाढीची काळजी करत मी २२ वर्षं पगार घेतोय.

या खोलीत एका शनिवारी, सेकंड शिफ्टची माणसं यायच्या आधी, कुणी बघत नाही अशी खात्री करून मी डिजिटल व्हर्नियर स्वतःच्या डाव्या मनगटाला लावला. घेर मोजला नाही. मनगटाची वरची सपाट बाजू, जिथे घड्याळ बसतं, तिची रुंदी मोजली. ५४.१२. मग हातातलं घड्याळ काढलं. पट्टा अडकवायला वरखाली जे चार पाय असतात, ज्यांना घड्याळवाले लग म्हणतात, त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलं. ५६.३८.

म्हणजे मनगटापेक्षा घड्याळ सव्वादोन मिलिमीटर मोठं. आमच्याकडे दोन शतांश मिलिमीटरने चुकलेला जॉब लाल डब्यात जातो. हा जॉब सव्वादोन मिलिमीटरने चुकून चार महिने माझ्या हातात होता, आणि त्याला अप्रूव्हल दुसऱ्या कुणी नाही, मीच दिलं होतं.

झालं असं, की दिवाळीचा बोनस झाला. बोनस झालेला माणूस पिंपरी कॅम्पात शिरला की त्याच्या चालण्यातच काहीतरी बदल होत असावा, कारण दुकानदार त्याला लांबून ओळखतात. मला साधंसं काहीतरी हवं होतं. पण दुकानातल्या पोराने काउंटरवर मखमली कापड पसरलं, त्यावर शेहेचाळीस एमएमचा काळाकुट्ट गोळा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, घेऊ नका. फक्त एकदा हातात घालून बघा." या वाक्याला बळी पडलेल्यांची यादी केली तर पिंपरी-चिंचवडची मतदारयादी तयार होईल.

घातलं. दुकानात सगळी घड्याळं छान दिसतात, कारण तिथे सगळा उजेड घड्याळावर असतो आणि मनगट बिचारं अंधारात. त्यातून पोराने मोबाइलवर माझ्या हाताचा फोटो काढून दाखवला. फोटो जवळून काढला की घड्याळ आहे त्याहून मोठं आणि हात आहे त्याहून बारीक दिसतो. म्हणजे धोक्याची सूचना मला फोटोतच मिळाली होती. पण मला तो हात दिसलाच नाही, घड्याळ तेवढं दिसलं. गंमत म्हणून इतरांची काठीसारखी मनगटं मी आजवर इतकी पाहिली आहेत, की माझंही मनगट १६ सेंटिमीटर घेराचं आहे ही माहिती मेंदूने कुठेतरी फाइल करून ठेवली असावी. दुकानात ती फाइल सापडली नाही.

घरी आलो. बायकोने दार उघडलं, हाताकडे बघितलं आणि विचारलं, "बँकेतलं काढून आणलंत का?"

आता, मोठं घड्याळ हवंसं का वाटावं, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलाय. उत्तर नाशिक रस्त्याला आहे. भोसरीतून मोशीमार्गे चाकणला जाताना वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. प्रत्येक फ्लेक्सवरचा भाऊ एका हाताने फोन कानाला लावून उभा असतो, आणि फोन धरलेल्या हाताची मनगटाकडची बाजू जनतेकडे असते. हे आपोआप होत नाही. फोन नेहमीसारखा धरला तर मनगट असं फिरत नाही, करून बघा. ती खास घड्याळासाठी घेतलेली पोज आहे. जमिनी एमआयडीसीत गेल्या, गुंठ्याला भाव आला, आधी गळ्यात सोनं आलं, मग दारात मोठी गाडी, मग मनगटावर घड्याळ. पण या लोकांच्या बाजूने एक सांगायलाच हवं: त्यांची मनगटं त्या घड्याळांना पुरून उरतात. तालमीत घुमलेलं, बैलाचा कासरा ओढलेलं मनगट असतं ते. त्यावर ४६ मिलिमीटर म्हणजे कपाळावर टिकली. मी फ्लेक्स बघून घड्याळ घेतलं आणि मनगट मात्र क्वालिटी डिपार्टमेंटचं वापरलं.

आमच्या शहरात घड्याळ या शब्दाला तसा आणखीही एक अर्थ आहे, आणि तो निवडणुकीच्या आसपास जास्त चालतो. एका पक्षाच्या त्या निवडणूक चिन्हातल्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. जाहिरातीतल्या घड्याळांतही तेवढेच वाजलेले असतात. या दोन्ही ठिकाणी वेळ पुढे सरकत नाही, एवढंच नोंदवून मी पुढे सरकतो.

तर माझं घड्याळ. पहिल्या आठवड्यात त्याने मला चाकण रस्त्यावर पकडलं. मी बाइकवर जातो. घड्याळ डाव्या हातात आणि क्लचही डाव्या हातात, हे ज्या कुणी ठरवलं त्याने चाकणचा तळेगाव चौक पाहिलेला नसणार. त्या चौकात सकाळी एका सिग्नलसाठी क्लच तीस-चाळीस वेळा दाबावा लागतो. हात हँडलवर, मनगट मागे वाकलेलं, आणि घड्याळाची चावी बरोबर पंजाच्या पाठीत रुतलेली. चावीला पकड यावी म्हणून तिच्या कडेला बारीक दाते पाडलेले असतात. आमच्याकडे त्याला नर्लिंग म्हणतात. ऑफिसला पोचल्यावर पाहिलं तर पंजावर नर्लिंगचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता, की आमच्या टूलरूमवाल्याने बोट फिरवून दातांचा पिच सांगितला.

सगळीच घड्याळं असं करत नाहीत. जपानी सिकोच्या कित्येक डायव्हर घड्याळांत चावी तीनच्या समोर नसून चारच्या जवळ असते. दिसायला जरा तिरपागडं वाटतं, पण हात वाकवल्यावर ती टोचत नाही. त्या माणसाने घड्याळ कागदावर काढताना हातही काढला असणार. माझ्या घड्याळाच्या माणसाने फक्त घड्याळ काढलं होतं.

दुसरा त्रास वजनाचा. चेनसकट १८५ ग्रॅम. पावशेर म्हणायला थोडं कमी पडतं. वरचं डोकं जड आणि चेन जरा सैल, की घड्याळ मनगटाभोवती घरंगळत करंगळीच्या बाजूला जातं. कुणी "किती वाजले?" विचारलं की मी ऐटीत बाही वर करायचो आणि मला चेनचं लॉक दिसायचं. मग दुसऱ्या हाताने डायल ओढून वर आणायची. तोवर विचारणाऱ्याने मोबाइल काढून वेळ बघितलेली असायची आणि वर मलाच सांगितलेली असायची. चेन घट्ट करावी, तर दुपारी हात सुजतो. सुजतो म्हणजे आजार नाही. उन्हाने, चालण्याने, वडापावातल्या मिठाने मनगट सकाळपेक्षा संध्याकाळी फुगतं, सगळ्यांचंच. स्टीलच्या रॉडच्या मायक्रॉनसाठी आम्ही एसी लावतो आणि स्वतःचा हात दिवसभरात आख्ख्या एका भोकाने वाढतो, याची कधी नोंद केली नव्हती. सकाळी इंटरफिअरन्स फिट, रात्री क्लिअरन्स फिट म्हणावं तर तेही उलटंच: रात्री ठोकून बसवल्यासारखं आणि सकाळी घुंगरासारखं.

तिसरी गोष्ट बाही. १६ मिलिमीटर जाडीचं घड्याळ फुल शर्टाच्या कफात जात नाही. एक तर कफचं बटण उघडं ठेवा, नाहीतर घड्याळावर कफ बसवून हात सुजल्यासारखे फिरा. आपल्याच देशात, होसूरच्या टायटनने २००२ साली एज नावाचं घड्याळ काढलं, त्याची जाडी साडेतीन मिलिमीटर. आतल्या यंत्राची १.१५. इंजिनिअर लोकांनी घाम गाळून घड्याळ पातळ करायचं आणि आपण दुकानात जाऊन सगळ्यात जाड मागायचं, हा न्याय मला नंतर टोचला. चावीपेक्षा जरा कमी.

आणि सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. ज्या पट्ट्यात ही घड्याळं एवढी खपतात, तिथे कामाच्या वेळी ती घालायला बंदी असते. लेथवर, ड्रिलवर हातात काही घालायचं नाही: अंगठी नाही, कडं नाही, घड्याळ नाही. फिरत्या चकने एकदा का धरलं की तो घड्याळ तेवढं घेऊन थांबत नाही. गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर कारण वेगळं. तिथे गाडीच्या पेंटला ओरखडा पडू नये म्हणून. आमचा एक लॉट चाकणच्या एका प्लँटमध्ये अडकला तेव्हा मी सॉर्टिंगला गेलो होतो. सॉर्टिंग म्हणजे आपण पाठवलेल्या मालातून आपणच पाठवलेला खराब माल गिऱ्हाइकाच्या दारात बसून वेचणे. कारखानदारीतलं प्रायश्चित्तच ते. लाइनच्या तोंडाशी सुपरवायझर म्हणाला, "घड्याळ काढा." काढलं. ठेवायला लॉकर नव्हतं. खिशात ठेवलं तर पँट एका बाजूने खाली. शेवटी ते दिवसभर माझ्या डब्याच्या पिशवीत, भाजीच्या डब्याला टेकून राहिलं. चार महिन्यांत माझ्या घड्याळाचा बराचसा काळ मेथीच्या सहवासात गेलाय.

माझ्या वडिलांना हा नियम पाठ होता. ते पिंपरीत लेथवर होते. शिफ्टला आले की हातातलं एचएमटी जनता काढून, रुमालात गुंडाळून टूलबॉक्समध्ये, आणि भोंगा झाला की परत हातात. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साथीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि पुढे जनता, पायलट, कोहिनूर असली नावं देशाच्या मनगटावर आली. २०१६ साली सरकारने तो धंदा बंद करायचं ठरवलं. वडिलांचं जनता अजून चालतं. मी तेही त्या शनिवारी मोजलं. व्यास जेमतेम ३५. आजच्या दुकानात ते दाखवलं तर "लेडीज काउंटर तिकडे" असं उत्तर मिळेल. पण वडिलांची मनगटं माझ्याहून दणकट होती आणि त्यांच्या हातात ते घड्याळ कधी लहान वाटलं नाही. तेव्हा पुरुषाचं घड्याळ असंच असायचं, एवढंच.

मग घड्याळं फुगली कधी? मोठी घड्याळं आधीही होती, पण ती कामाची होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांसाठी ५५ मिलिमीटरची घड्याळं बनली. ती उघड्या मनगटावर नव्हे, जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायची. इटलीच्या नौदलातल्या पाणबुड्या जवानांसाठी पानेराईने ४७ मिलिमीटरची केली, तीही सुटावरून बांधून काळोख्या पाण्यात वाचता यावीत म्हणून. १९९३ साली पानेराईने अशी घड्याळं सर्वसामान्यांना विकायला काढली. पुढे सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात एक दिसलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. स्टॅलोनचं मनगट आणि माझं मनगट यांत फरक करायची सोय जाहिरातीत नसते. जे घड्याळ कातडी जॅकेटवरून घालायला जन्मलं, त्याचा वंशज मी भोसरीत घामेजल्या हातावर बांधून पंचिंग मशीनसमोर उभा होतो. बरं, पंचिंगलाही आता नुसता चेहरा दाखवायचा. वेळ मशीनच सांगतं.

स्मार्टवॉचचं थोडक्यात आटोपतो. ॲपलने २०१५ साली ३८ आणि ४२ मिलिमीटरपासून सुरुवात केली आणि २०२२ साली ४९ पर्यंत पोचले. आमच्या डिस्पॅचवाल्याकडे त्यातलं नाही, पण तशाच रूपाचं एक आहे. तळेगाव चौकात तासभर अडकला असताना त्याच्या हाताला झिणझिण्या देऊन ते म्हणालं, तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उभे राहून फिरा. तो अजून ते घड्याळ वापरतो, पण त्यांचं बोलणं बंद आहे.

शेवटी मी चिंचवडगावातल्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो. काचेचं कपाट, स्टूल, डोळ्याला भिंग. चेनच्या कड्या काढून द्या म्हटलं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, मग माझा हात हातात घेतला, ज्योतिष्यासारखा.

"कड्या काढून काय होणार?" काका म्हणाले. "चार काढल्यात आधीच कुणीतरी. वरचं बसत नाही ते खालून आवळून बसतं होय?"

मग त्यांनी मला उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि हात डोळ्यांच्या रेषेत धरायला लावला. लगच्या खालून, मनगट आणि चेन यांच्या फटीतून, समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. मी चपापलो. फिटर जॉबवर गुण्या ठेवून असाच खालून उजेड बघतो; उजेड दिसला म्हणजे पृष्ठभाग सपाट नाही. मी स्वतः हजारो वेळा हे केलंय. स्वतःच्या हातावर करायचं सुचलं नव्हतं.

काकांनी मग जे समजावलं ते माझ्या डोक्यात बसलं, कारण ती आमचीच भाषा होती. लोक ४२, ४४, ४६ विचारतात, तो नुसता डायलच्या केसचा व्यास. दोन घड्याळं ४४ची असतील. एकाचे लग आखूड आणि खाली वळलेले, लगपासून लगपर्यंत ५०. दुसऱ्याचे सरळ, फळीसारखे, ५६. पहिलं बारीक हातालाही बसेल. दुसरं माझ्या हातावर पाळण्यासारखं हलेल. स्टीलच्या चेनची पहिली कडी कडक असते, ती आणखी बाहेर येते, म्हणजे लांबीत भरच. त्या जागी रबराचा किंवा चामड्याचा पट्टा लावला तर तो लगपासून सरळ खाली पडतो आणि हाताला धरतो. चौकोनी घड्याळ असेल तर आकड्यावर जाऊच नका. ४० चा चौकोन ४० च्या गोलापेक्षा केवढा तरी मोठा भासतो. पांढरी डायल मोठी दिसते, काळी लहान. कडेची रिंग बारीक असेल तर पुन्हा मोठं. काकांच्या मते बारीक हाताच्या माणसाने मोठं घड्याळ घालायचंच असेल तर कॅसिओचं जी-शॉक बघावं. १९८३ पासूनचा तो माल. दिसायला टँकर, पण साधं चौकोनी मॉडेल ५०-५५ ग्रॅमच्या घरात, आणि पट्टा केसपासूनच खाली वळलेला. "दिसतं मोठं, बसतं लहान," काका म्हणाले. "तुमचं उलटं आहे."

मी विचारलं, मग याचं काय करू?

"हात बदला," म्हणाले, आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

हात बदलायची सोय घरातच निघाली. माझा मेहुणा खेडचा. बैलगाडा घाटात त्याची बैलं पळतात, जिथे सेकंदाच्या शतांशावरून नंबर ठरतो आणि त्यावरून वर्षभर बोलणं होतं. यात्रेला गेलो तेव्हा त्याने माझ्या हातातलं काढून सहज स्वतःच्या हातात घातलं. लग मनगटाच्या आत. फट नाही, उजेड नाही, घरंगळणं नाही. काकांनी काढलेल्या नव्हे, आधीच निघालेल्या त्या चार कड्या परत घालाव्या लागल्या, बस. "दाजी, हे तर माझंच निघालं," तो म्हणाला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण क्वालिटीतल्या माणसाला पास झालेला जॉब नाकारता येत नाही. बदल्यात त्याने एक पोतं इंद्रायणी तांदूळ दिला. बायकोच्या मते या घड्याळाच्या व्यवहारात घराच्या उपयोगी पडलेली ही पहिली वस्तू.

त्यानंतर मी दुसरं घेतलं. मोठंच घेतलं, हौस फिटली नव्हती आणि अजून फिटलेली नाही. व्यास ४२, लगपासून लगपर्यंत ४८, जाडी ११, काळी डायल, रबराचा पट्टा, वजन ८० ग्रॅमच्या आत. संध्याकाळी गेलो, म्हणजे हात फुगलेला होता. पट्ट्याखाली करंगळी जाईल एवढी जागा ठेवली. मनगट क्लच दाबल्यासारखं मागे वाकवून बघितलं, दोन मिनिटं तसंच धरलं. वरून न बघता दुकानाच्या आरशात चार पावलं लांबून बघितलं, कारण लोक आपल्याला तिथूनच बघतात. दुकानातल्या पोराने हे सगळं निमूट पाहिलं. मी खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली तेव्हा मात्र त्याने मालकाला हाक मारली. असे छप्पन पाहिलेत म्हणणारा मालकही उठून बघायला आला.

तुम्हीही या दिवाळीला कॅम्पात जाणार असाल तर घरातली पट्टी बरोबर घ्या, मुलांच्या कंपासपेटीतली चालेल. आधी मनगटाची रुंदी, मग लगपासून लगपर्यंत, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटरने तरी लहान हवा. दुकानातला पोरगा हसेल. हसू द्या. आणि तो "फक्त एकदा हातात घालून बघा" म्हणाला, की हात खिशात ठेवा.